टाचणातला शेवटचा रकाना : बडोद्याच्या एका वर्गातल्या प्रकल्प नोंदी

गुरुवार, १३ जून २०२४

शाळा उघडली. सहावी ते आठवीचं विज्ञान आणि सामाजिक शास्त्र यंदाही माझ्याकडेच. मराठी माध्यमाचे आमचे वर्ग आता लहान झालेत, सातवीत चौतीस मुलं आहेत. सुट्टीत ठरवलं होतं तशी ही वही वेगळी घातली. काम एवढंच की या वर्षी काही पाठांच्या टाचणात, म्हणजे तासाआधी लिहायच्या आराखड्यात, तंत्रज्ञान विचार करून बसवायचं, आणि कुठे बसलं, कुठे बसलं नाही ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं. चार दिवसांनी लिहिलं की सगळेच तास छान झाल्यासारखे वाटतात.

हाताशी काय आहे : वरच्या मजल्यावरच्या खोलीत भिंतीवरचं मोठं पॅनेल, एक जुना लॅपटॉप, दोन छोटे स्पीकर, माझा फोन. पॅनेलची खोली आठवड्यातून दोन तास माझ्या वाट्याला येते. नेटचा भरवसा नाही.

शनिवार, १५ जून

गेल्या वर्षीची टाचणं काढून वाचली. ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्यात जिथे तिथे ‘व्हिडिओ, पॅनेल’, आणि पुढे विद्यार्थी कृतीखाली ‘मुले निरीक्षण करतील’. कशाचं निरीक्षण, आणि ते केलं हे मला कसं कळणार, याचा एका ओळीचाही पत्ता नाही. वाचताना लक्षात आलं की मी आधी व्हिडिओ शोधत होते आणि मग त्याच्याभोवती पाठ विणत होते.

प्रशिक्षणात एक आकृती दाखवली होती. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ साली मांडलेली, एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळं : विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान, तंत्राचं ज्ञान. तेव्हा ती वहीत उतरवून घेतली आणि विसरले. आज तिचा अर्थ लागला. फक्त तिसरं वर्तुळ मोठं करून काही होत नाही. या पाठात मूल नेमकं कुठे अडतं ते माहीत नसेल, तर कुठलं साधन घ्यायचं हे ठरवायचं कशावरून?

टाचणाचे रकाने बदलले. पहिला, तास संपल्यावर मुलाला काय करून दाखवता यायला हवं. दुसरा, ते कुठे अडेल. तिसरा, मुलांचे हात काय करतील. मग ‘लाइट गेली तर’. आणि साधनाचा रकाना सगळ्यात शेवटी. तो कोरा राहिला तर कोराच ठेवायचा, असं स्वतःला बजावून ठेवलं आहे.

सोमवार, २४ जून

आठवडाभर रोज रात्री तासभर शोधाशोध. मराठीतून काय मिळतं हा आमच्यासाठी पहिला प्रश्न. केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ हे शालेय साहित्याचं संकेतस्थळ २०१७ च्या सप्टेंबरात सुरू झालं. महाराष्ट्रातल्या पाठ्यपुस्तकांना धरून केलेलं मराठी साहित्य त्यावर पुष्कळ आहे, पण आमची पुस्तकं गुजरातची, त्यामुळे धड्यांचा क्रम जुळत नाही. आख्खा धडा उचलता येत नाही, त्यातला एखादा तुकडा उचलता येतो. ते चालेल. तुकडाच हवा असतो.

खरा ठेवा सापडला तो ‘फेट’च्या प्रतिकृतींचा, म्हणजे पडद्यावर हाताळता येणाऱ्या प्रयोगांचा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेलं हे काम. त्यातल्या बऱ्याच प्रतिकृती मराठीत आहेत आणि एकेक प्रतिकृती एका फाइलमध्ये उतरवून घेता येते. मग ती नेटशिवाय साध्या ब्राउझरमध्ये उघडते. सहा फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या, लॅपटॉपचं वायफाय बंद करून प्रत्येक उघडून पाहिली. नेट नसलेल्या शाळेत हे आधी करून पाहायलाच हवं.

सोमवार, ८ जुलै

सातवी, विजेचा परिपथ. टाचणातला दुसरा रकाना भरताना जरा थांबले होते. मुलं कुठे अडतात? एक, सेलच्या एकाच टोकाची तार बल्बला लावली की पुरतं असं त्यांना वाटतं. घरात डोळ्यांना एकच वायर दिसते ना! दोन, बल्बमध्ये वीज ‘संपते’, म्हणजे बल्बच्या आधी प्रवाह जास्त आणि नंतर कमी. दुसरी समजूत मोडायची तर बल्बच्या दोन्ही बाजूंना प्रवाह मोजून दाखवायला हवा, आणि तेवढे चांगले मापी आमच्या कपाटात नाहीत. इथे साधनाला जागा आहे.

आधी पॅनेलवर प्रतिकृती, नंतर हातात सेल आणि बल्ब, असा क्रम ठेवला. तो चुकला.

पॅनेलवर मुलांनी पटापट परिपथ जोडले. दोघांनी तार थेट सेलच्या दोन टोकांना लावली, चित्रातल्या सेलमधून ज्वाळा निघाल्या, आणि मग प्रत्येकाला ज्वाळाच काढायच्या होत्या. वीस मिनिटं तिथेच गेली. खरे सेल वाटले तेव्हा नऊ मिनिटं उरली होती. पाच गटांपैकी दोघांचाच बल्ब लागला. बाकीच्यांची जोडणी बरोबर होती, पण तारेवरचं आवरण नीट खरवडलेलं नव्हतं, एकाचा बल्ब होल्डरमध्ये अर्धाच फिरवलेला. “बाई, हे बिघडलंय. वरच्या खोलीत तर झालं होतं,” असं एक मुलगी म्हणाली.

तिचं वाक्य घरी येईपर्यंत डोक्यात होतं. पडद्यावरची जोडणी कधी ढिली होत नाही. पण ढिली जोडणी शोधून काढणं हा विजेच्या धड्यातला अर्धा धडा आहे.

बुधवार, १० जुलै

तोच पाठ, आज उलट्या क्रमाने. पहिली पंचवीस मिनिटं फक्त दीड व्होल्टचा सेल, टॉर्चचा बल्ब, दोन तारा आणि कागद. बल्ब लागला नाही तर कुठे कुठे तपासलं ते गटाने क्रमाने लिहायचं, एवढाच नियम. एका गटाने सात ठिकाणं लिहिली. शेवटची ओळ होती, ‘सेल जुना असेल.’ दुसरा सेल लावून पाहिला आणि बल्ब लागला. त्या गटाचा आनंद बघण्यासारखा होता.

मग वर गेलो. पॅनेलवर एकच परिपथ मीच जोडून ठेवला होता. बल्बच्या आधी एक मापी, नंतर एक. बटण बंद. विचारलं, दोन्ही आकडे सारखे येतील की दुसरा कमी येईल? पहिल्याला हात वर करायला सांगितलं, मग दुसऱ्याला. निम्म्याहून जास्त हात ‘कमी’साठी वर. बटण लावलं, आकडे सारखे. वर्ग गप्प झाला.

दुसरा प्रश्न, बटण दाबल्यावर तारेतला कुठला निळा ठिपका आधी हलला? तीन वेळा बंद-चालू करून पाहिलं. “सगळे एकदमच हलतात.” मागच्या बाकावरून आवाज आला, “सायकलच्या चेनसारखं!” मी दिलेलं कुठलंच उदाहरण इतकं चपखल बसलं नसतं. पायडल मारलं की चेनची प्रत्येक कडी त्याच क्षणी सरकते; पायाजवळची कडी चाकापर्यंत पोचायची वाट कोणी बघत नाही. पुढे सांगितलं की खऱ्या तारेत इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरभरही पुढे सरकत नाहीत, तरी दिवा लगेच लागतो. ते आता पटलं.

टाचणात तांबड्या शाईने लिहिलं : आधी हात, मग पडदा. पडद्यावर एकच परिपथ, दोनच प्रश्न, बारा मिनिटं.

बुधवार, २४ जुलै

सकाळपासून धो धो. मुलांना लवकर घरी पाठवलं.

सोमवार, ५ ऑगस्ट

प्लिकर्सची कार्डं वापरून पाहिली. मुलांकडे फोन लागत नाही, ही यातली मोठी सोय. प्रत्येक मुलाला चौकोनी नक्षीचं एक कागदी कार्ड, आणि ते ज्या बाजूने वर धरलं ते त्याचं उत्तर. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कोणी काय उत्तर दिलं ते मला दिसतं. शेजाऱ्याचं कार्ड बघून उत्तर कळत नाही, कारण प्रत्येकाची नक्षी निराळी. हात वर करायला लाजणाऱ्या चार मुली आज पहिल्यांदा प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होत्या.

कार्डं टिकावीत म्हणून लॅमिनेशन करून आणली होती. खिडकीकडच्या रांगेत ती चकाकतात आणि कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. जाड कार्डशीटवर पुन्हा छापून घ्यायची, वरून काही लावायचं नाही.

घरी फोनवर करायचा अभ्यास मात्र बंद केला. विचारपूस केल्यावर कळलं की बहुतेक घरांत फोन बाबांबरोबर कामावर जातो आणि रात्री येतो. अशा अभ्यासाने ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनाच अजून मिळतं.

सोमवार, २ सप्टेंबर

पुरानंतर मुलं आज पुन्हा भेटली. गोकुळाष्टमीला पाऊस सुरू झाला आणि शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. शाळेचा खालचा मजला चिखलाने भरला होता, शिपाईकाका आणि मावशी दोन दिवस धूत होते. खालच्या कपाटातले तक्ते गेले. वर्गातल्या सहा मुलांची सगळी पुस्तकं गेली. एकाच्या घरात पंख्यापर्यंत पाणी होतं. नदीतल्या मगरींच्या गोष्टी प्रत्येकाकडे, काही पाहिलेल्या, काही ऐकलेल्या.

आज टाचण बाजूला ठेवलं. मुलांना बोलू दिलं. आठवीतल्या एका मुलाने विचारलं, “बाई, पाऊस तर थांबला होता. मग दुसऱ्या दिवशी पाणी वाढलं कशामुळे?” वर्गातली निम्मी मुलं तोच प्रश्न मनात घेऊन बसली होती हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. मी म्हटलं, याचं उत्तर आपण मिळून शोधू, मला आठवडाभर द्या.

सोमवार, ९ सप्टेंबर

पाठाची तयारी. गौरी-गणपतीची गडबड, तरी रात्री बसले. तास संपल्यावर आठवीच्या मुलाला काय सांगता यायला हवं? नदी पावागडच्या बाजूने येते, आजव्याच्या तलावाचं पाणीही तिलाच मिळतं, तिकडची जमीन शहरापेक्षा उंच आहे, आणि वरचं पाणी शहरात पोचायला काही तास लागतात. मूल कुठे अडेल? उताराशी. बडोदा डोळ्यांना सपाट दिसतं, इथे चढ म्हणजे पूल. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट दाखवायची आहे, तेव्हा साधनाचा रकाना भरणं भाग आहे.

संगणकावरच्या गूगल अर्थ प्रोमध्ये नकाशावर रेघ ओढली की त्या रेघेखालच्या जमिनीच्या उंचीचा आलेख निघतो. आजव्यापासून शहरातल्या काळाघोड्याच्या पुलापर्यंत रेघ ओढली. आलेख डावीकडून उजवीकडे उतरतो, पण करवतीसारखे दाते आहेत. शहराजवळ तर जास्तच. आधी वाटलं माझं काही चुकलं. मग वाचल्यावर उमगलं. अशा उंचीच्या माहितीचा एक मोठा स्रोत म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने केलेली मोजणी. रडारच्या लहरी झाडांच्या शेंड्यांवरून आणि इमारतींच्या गच्च्यांवरूनही परततात. डोंगराळ भागात हा फरक लपून जातो, बडोद्यासारख्या सपाट गावात तोच आधी दिसतो.

हे दाते मुलांपासून लपवायचे नाहीत असं ठरवलं. आलेखाची चित्रं काढून पेन ड्राइव्हवर घेतली, नेट नसलं तरी तास अडणार नाही. मोठ्या आलेख कागदावर छापील प्रत्येकी एक.

गुरुवार, १२ सप्टेंबर

आठवी. या सत्रातला माझा सगळ्यात चांगला तास, आणि त्यातला चांगला भाग माझ्या टाचणात नव्हता.

सुरुवात दात्यांपासून केली. “हे डोंगर कुठले?” मुलांनी आपापल्या घराजवळची जागा शोधली. “इथे तर आमची सोसायटी आहे, बाई!” ते कळल्यावर त्यांनीच पट्टीने दात्यांच्या खालून अंदाजाची सरळ रेघ ओढली.

मग आकडे. आजव्याची पातळी बातम्यांत फुटांत सांगतात, पुराच्या दिवसांत २१२ फूट हा आकडा घरोघरी पाठ झाला होता. तिथले ६२ दरवाजेही सगळ्यांना माहीत. ही पातळी समुद्रसपाटीपासूनची. शहराची उंची किती ते फोनवर शोधायला एका मुलीला बोलावलं. तिने मोठ्याने वाचलं, “१२९ मीटर.” मी फळ्यावर लिहिलं, आणि मीटर-फूट एक करायला सांगितलं. ०.३०४८ ने गुणून २१२ फुटांचे जवळजवळ ६५ मीटर झाले.

मिनिटभर शांतता. मग खिडकीजवळचा मुलगा उठला. “मग आजवा खाली आणि आपण वर? पाणी चढून आलं?” दुसऱ्याने भर घातली, “आजव्याचं पाणी तर आपल्याकडे उतारानेच येतं, आजोबा सांगतात.” आजोबांचं बरोबर आहे. सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती योजना केली तेव्हा ती उतारावरच उभी होती.

फळ्यावरचे दोन आकडे आणि नळाला येणारं पाणी यांचं जमत नव्हतं. चूक कुठे ते मला अंदाजाने कळलं होतं, पण मी बोलले नाही. पाच मिनिटांनी फोन हातात असलेलीच मुलगी म्हणाली, “१२९ फूट असतील का?” फुटांचे मीटर केले, ३९. आता उतार जुळला. आमच्या हरणीच्या विमानतळाची उंची १२९ फूट नोंदलेली आहे, त्यामुळे एकक बदलून तो आकडा कुठेतरी पसरला असावा असं मी त्यांना सांगितलं.

पुढचं गणित त्यांनीच केलं. उंचीतला फरक २६ मीटर, सरळ अंतर वीसेक किलोमीटर, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे सव्वा मीटर उतार. नदी वळणं घेत येते, त्यामुळे तिचा उतार याहूनही कमी. इतक्या मंद उतारावर पाणी सावकाश येतं आणि सावकाश ओसरतं. प्रश्न विचारणारा मुलगा हळूच म्हणाला, “म्हणून पाऊस थांबल्यावर आलं.”

सोमवार, १६ सप्टेंबर

त्या दिवशी घरचा अभ्यास दिला नव्हता. तरी आठवीतला एकजण रविवारी वडिलांबरोबर रेल्वे स्टेशनवर गेला आणि फलाटाच्या टोकाचा पिवळा बोर्ड वाचून आला. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, मीटरमध्ये. आकडा चाळीसच्या आतला. त्याने तो बोर्डासारखाच पिवळ्या कागदावर लिहून आणला आणि फळ्याच्या बाजूला लावला.

पुढच्या टाचणांत आता नवी ओळ : पडद्यावरचा आकडा कशाशी ताडून पाहणार?

रविवार, २२ सप्टेंबर

मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेले होते, आजव्याविषयी जुनं काही मिळतं का पाहायला. तिथल्या काचेच्या फरशीवरून चालताना दरवेळी जपून पाऊल टाकते. महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून राज्यात ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. पुस्तकांच्या फिरत्या पेट्या आपल्याला माहीत असतात. त्याच खात्याला दृक्‌शिक्षणाची एक शाखाही होती. मॅजिक लँटर्नच्या काचा, स्टिरिओस्कोप, सिनेमाचं यंत्र घेऊन माणसं गावांत जात. सक्तीचं प्राथमिक शिक्षण राज्यभर १९०६ मध्येच आलेलं. म्हणजे वर्गात यंत्र आणण्याचा विचार या गावाला शंभर वर्षांपासून ओळखीचा आहे. यंत्राबरोबर समजावून सांगणारा माणूसही जात असे, हे मला फार मोलाचं वाटलं.

सोमवार, १४ ऑक्टोबर

नवरात्र संपली, परीक्षा तोंडावर. सहावीला दाखवलेला पचनसंस्थेचा व्हिडिओ फुकट गेला. सुंदर होता, पण साडेअकरा मिनिटांचा आणि हिंदीतला. मी मध्ये कुठेच थांबवला नाही. विचारल्यावर मुलांना संगीत आठवत होतं. टाचणात तिसरा रकाना कोरा होता, हेच त्याचं कारण.

सोमवार, १८ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. मुख्याध्यापक सरांनी सुचवलं की प्रत्येक शिक्षकाने आठवड्याला एक तास पॅनेलवर घ्यावा, नोंदवहीत तसं दिसायला हवं. मी त्यांना माझी वही दाखवली. म्हटलं, सर, तासांची संख्या नको, टाचणातला दुसरा रकाना तपासा. मूल कुठे अडतं ते लिहिलं असेल आणि तिथे पॅनेल लागत असेल तर दोन तास द्या, लागत नसेल तर एकही नको. त्यांनी वही घरी नेली. परत देताना ‘लाइट गेली तर’ या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती, आणि पुढच्या सभेत ती सगळ्यांच्या टाचणात आणायची असं त्यांनी सांगितलं.

गणिताच्या बाईंनी माझे रकाने घेतले. भाषेच्या सरांनी नाकारले. कवितेला ‘मूल कुठे अडतं’ असं विचारून चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. यावर मला विचार करावा लागेल.

गुरुवार, १९ डिसेंबर

उद्या सातवीला काठीची सावली मोजायला मैदानात नेणार. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर बडोदा टाकून सूर्य पाहून ठेवला. भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण ७३ च्या जरा पुढे, म्हणून आपला खरा माध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या थोडा नंतर, १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास येतो. परवा २१ तारखेला दक्षिणायनाचा शेवटचा दिवस, पण शनिवारी सकाळची शाळा, म्हणून उद्याच. या दिवसांत माध्यान्हीचा सूर्य आपल्याकडे जेमतेम ४४ अंशांवर असतो, म्हणजे काठीची सावली जवळपास काठीएवढीच पडते. हे मुलांना आधी सांगायचं नाही.

सामान : मीटरभर लांबीच्या सहा काठ्या, ओळंबा, खडू, सुतळी. बारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण. फोन एकच, माझा, वेळ बघायला. साधनाच्या रकान्यात तेवढंच लिहिलं आहे. लाइट गेली तरी ऊन असेल. ढग आले तर सोमवारी.